माळ्यावरची पेटी की दुकानातली 'जर्मन'?

सोलापूर : भवानी पेठेतील घोंगडे वस्तीत आमचे जुने घर आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्या घराच्या माळ्यावरून सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक पेटी खाली आली. आजोबा भजनी मंडळात ती वाजवीत असत. ते गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. भात्याचे चामडे जागोजागी तडकलेले, पट्ट्यांखालची बनात कसरीने खाल्लेली, आणि तीन पट्ट्या दाबल्यावर खाली जात त्या वर येईनात. तरीही भाता हाताने धरून हवा भरली तेव्हा मधल्या सप्तकातून जो आवाज निघाला, तो ऐकून घरातले सगळे क्षणभर थांबले.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा प्रश्न आला होता : "दादा, मुलीला यंदा प्रवेशिकेची परीक्षा द्यायची आहे. तिच्यासाठी पेटी कोणती घेऊ?" अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना हार्मोनियम हा विषय घेऊन बसणारी मुले आजही कमी नाहीत, आणि त्यांच्या पालकांपुढे हाच प्रश्न असतो. वाटा तीन दिसतात. घरात किंवा नात्यात पडून असलेली जुनी पेटी दुरुस्त करून घ्यावी. नामांकित कारागिराकडून जुन्या धर्तीची नवी पेटी बनवून घ्यावी. किंवा बाजारात स्वस्तात मिळणारी, वर 'जर्मन सूर' असे लिहिलेली पेटी उचलावी. तिन्हींच्या किमतींत मोठी तफावत असते. ही तफावत नेमकी कशाची, हे विक्रेता क्वचितच सांगतो.

सूर म्हणजे काय?

पेटीच्या पोटात पितळेच्या लहान-मोठ्या पट्टिका ओळीने बसविलेल्या असतात. कारागीर त्यांना 'सूर' म्हणतात. प्रत्येक पट्टिकेत एक चीर असते आणि त्या चिरेवर एका टोकाला पक्की केलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्यातील हवा चिरेतून जाऊ लागली की जीभ आत-बाहेर थरथरते व नाद उमटतो. जीभ जितकी आखूड आणि जाड, तितका सूर चढा. लांब आणि पातळ असेल तर उतरा. बोटाखालची पट्टी स्वतः काहीच वाजवीत नाही, ती फक्त हवेचे दार उघडते. त्यामुळे पेटीचा स्वभाव बहुतांशी तिच्या सुरांत असतो, कवचात फार थोडा.

चांगला सूर आणि साधा सूर यांतील फरक डोळ्यांना दिसतो तो एकाच ठिकाणी. जीभ आणि चिरेच्या कडा यांमधील फट केसाएवढी आणि सर्व बाजूंनी सारखी असेल तर थोड्याशा हवेतही सूर बोलतो. फट रुंद असेल तर अर्धी हवा वाया जाते, सूर उशिरा बोलतो आणि वादकाला भाता सतत जोरात ओढावा लागतो. हवेचा दाब फार वाढला की सूर, विशेषतः खर्जातला, किंचित उतरतोही. गायकाच्या मागे हळुवार आलाप धरणाऱ्या साथीदाराला उत्तम सुरांची पेटी का हवी असते, त्याचे उत्तर या फटीत आहे.

जर्मनी आणि फ्रान्स येथून येणारे सूर या बाबतीत अव्वल समजले जात. हार्मोनियम मुळात फ्रान्सचे अपत्य. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेँ याने १८४० च्या सुमारास त्याचे पेटंट घेतले. ते वाद्य पायांनी भाता चालविण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे होते. कोलकात्यात द्वारकिन या पेढीच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताने चालवायचा भाता जोडला, आणि वाद्य मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात आले. म्हणजे आपण ज्या पेटीला अस्सल म्हणतो ती स्वतःच एका परदेशी वाद्याची बदललेली प्रत आहे, हे ध्यानात असलेले बरे. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने तिला आपलेसे केले. 'संगीत मानापमान'ला १९११ साली संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे त्या काळचे नावाजलेले पेटीवादक. पुढे पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, आप्पा जळगावकर अशी मोठी परंपरा झाली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पण त्या तीस वर्षांतही भजन, कीर्तन आणि नाटक यांनी पेटीला सोडले नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तेथे हे वेगळे सांगायला नको.

या सर्व काळात पेट्या येथे बनत, पण त्यांतील चांगले सूर परदेशातून येत. पॅरिसच्या कासरिएलचे नाव किंवा जर्मन 'जुबिलेट' सूर यांचा उल्लेख जुने वादक आजही आदराने करतात. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन मालाची वाट बंद झाली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. आज देशातील पेट्यांना लागणाऱ्या सुरांसाठी गुजरातेतील पालिताणा हे गाव प्रसिद्ध आहे. शत्रुंजय पर्वतावरील जैन मंदिरांसाठी आपण ते ओळखतो. पेटीवाले मात्र सुरांसाठी ओळखतात.

यावरून एक साधा हिशेब निघतो. खरा जुना जर्मन सूर आज मिळायचा तर तो बहुधा एखाद्या जुन्या पेटीतूनच निघालेला असणार. मग एखाद्या दुकानात ओळीने मांडलेल्या पंचवीस नव्या पेट्यांवर 'जर्मन' असे लिहिलेले असेल, तर तो शब्द देशाचे नाव राहिलेला नाही, तो प्रतवारीचा शिक्का झाला आहे. 'पॅरिस'चेही तेच. विक्रेता प्रत्येक वेळी खोटेच बोलत असतो असे नव्हे. व्यापारात हे शब्द 'उत्तम' आणि 'मध्यम' या अर्थाने रुळले आहेत. फसतो तो शब्दशः अर्थ घेणारा. सोलापूरकरांना हे नवे नसावे. बाहेरगावी विणलेल्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात, ही तक्रार येथील यंत्रमागवाले वर्षानुवर्षे करीत आले आहेत, आणि चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरही ती थांबलेली नाही.

नवी पेटी, जुने सूर

जुने, जुन्यासारखे नवे आणि स्वस्त नक्कल हा पेच एकट्या पेटीचा नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्यांच्या जगात अ‍ॅम्प्लिफायरबाबत नेमका हाच वाद अनेक वर्षे चालला आहे. अमेरिकेतील फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातील 'बासमन' हा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच विद्युतरचनेवरून 'जेटीएम ४५' तयार झाला. ती उघड नक्कल होती. पण सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते वापरल्याने आवाज थोडा निराळा निघाला, आणि पुढे 'मार्शलचा आवाज' म्हणून तोच जगभर मागितला जाऊ लागला. फेंडरनेही १९९० साली आपल्या १९५९ च्या बासमनची नवी आवृत्ती बाजारात आणली. तेथील जाणते वादक एक भेद नेहमी करतात. जुन्या यंत्रातले कपॅसिटर वयाने निकामी होतात, ते बदलल्याने यंत्राचे मोल कमी होत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मात्र मूळचे टिकलेले असतील तर त्यांना हात लावायचा नाही.

पेटीलाही हा भेद जसाच्या तसा लागू पडतो. भात्याचे चामडे व कापड, पट्ट्यांखालची बनात, कमानी, हवा अडविणाऱ्या गाद्या हे सगळे नाशवंत आहे. सोलापूरच्या हवेत तर अधिकच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा लाकूड आकसते, सांधे उघडतात, आणि श्रावणात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. हे भाग बदलून घेताना हळहळण्याचे कारण नाही. सूर आणि ते ज्या फळीवर बसविलेले असतात ती फळी ही मात्र पेटीची पुंजी.

म्हणूनच जुन्या पेटीतील सूर काढून ते नव्या कवचात बसविण्याची पद्धत कारागिरांत आहे. मुंबईत दादरच्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारखी १९२५ पासूनची घराणी आणि ठिकठिकाणचे लहान कारागीर जुन्या धर्तीच्या नव्या पेट्या बनवितात. नवे सागवानी कवच, घट्ट भाता, आणि हवे असल्यास जुन्या सुरांचा संच, ही जोडणी मनासारखी जमली तर सर्वांत समाधान देणारी असते. मात्र ती जमणे कारागिराच्या हातावर आहे. जुना सूर नव्या फळीवर बसविताना पट्टिका फळीला पूर्ण टेकली नाही तर बाजूने हवा गळते, आणि मग जर्मन सूरही स्वस्त सुरासारखा दमेकरी होतो. दुसरे असे, की संच पूर्ण एकाच पेटीतला आहे का, हे विचारावे. तीन पेट्यांतून गोळा केलेले सूर एका ओळीत बसविले तर सा एका जातीचा आणि रे दुसऱ्या जातीचा असे होते. झाकण उघडून पाहिल्यास पट्टिकांचा रंग आणि त्यांवरील ठसे यांवरून हे पुष्कळदा लक्षात येते.

या व्यवहाराची एक बाजू खटकते. मोडकळीस आलेला वाडा रिकामा करताना जुनी पेटी भंगारवाल्याला मातीमोलाने दिली जाते. पुढे तिच्यातले सूर निघतात आणि कवच जळणात जाते. ज्यांनी ती विकली त्यांना आपण काय दिले, याचा पत्ताही नसतो.

कानशीची भीती

आता आमच्या पेटीकडे येतो. ज्या कारागिराला ती प्रथम दाखविली त्यांनी झाकण काढून सूर पाहिले आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पण पट्टी उतरलेली आहे. सगळे सूर घासून वर आणावे लागतील."

पट्टी उतरलेली होती हे खरे. आज जगभर मध्य सप्तकातील पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर लावतात. कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, बाजारातली बासरी, सगळे याच मापाचे. पण फ्रान्सने १८५९ साली हे माप ४३५ ठरविले होते आणि युरोपात ते पुष्कळ काळ चालले. जुन्या पेट्या त्याच्या आसपास लागलेल्या आढळल्या तर नवल नाही. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे १०० भाग कल्पिले, तर ४३५ आणि ४४० यांत सुमारे २० भागांचा फरक पडतो. एकटे वाजविताना तो कोणाला कळणार नाही; शेजारी कीबोर्ड सुरू झाला की कान टोचू लागतात.

सूर चढवायचा तर जिभेचे टोक कानशीने घासून हलके करतात, आणि उतरवायचा तर मुळाशी घासतात. एखाद-दुसरा सूर असा लावून घेणे ही नित्याची गोष्ट आहे. पण दोन-तीन ओळींचे सगळे सूर पाचपाच कंपनांनी वर आणणे म्हणजे शंभरावर जिभांवरून कानस फिरविणे. घासलेले पितळ परत भरून येत नाही. माझ्या मामांच्या पेटीचे हेच झाले होते. एका दुरुस्ती करणाऱ्याने ती कीबोर्डला मिळावी म्हणून चढविली; काही वर्षांनी दुसऱ्याने, मंडळातल्या बुवांना जड जाते म्हणून, उतरविली. जिभांच्या मुळाशी ओरखडे राहिले आणि जीभ सगळ्यांत जास्त वाकते ती तेथेच. दोन वर्षांत सहा सूर तुटले. आता ती पेटी दिवाणखान्यात शोभेला आहे.

म्हणून दुसऱ्या एका वयस्क कारागिराला विचारले. त्यांचा सल्ला उलटा होता. भाता, बनात, कमानी नव्या करा. सुरांतली धूळ काढा. आपसात जे दोन-चार विसंवादी आहेत तेवढे लावा. पट्टी आहे तेथेच राहू द्या. त्यांचा मुद्दा असा, की आपल्या संगीतात षड्ज कोठे धरायचा हे गायक ठरवितो. तबला पेटीला मिळवून घेतात, तानपुरा मिळवून घेतात. अडचण येते ती फक्त कीबोर्ड आणि बासरीपाशी. ज्याला वाद्यवृंदात वाजवायचे आहे त्याने नवी पेटी घ्यावी, जुनीला शिक्षा देऊ नये.

मला हे म्हणणे पटले. एरवीही पेटीचे सूर बारा समान भागांत वाटलेले असतात आणि तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ भाग चढाच असतो. या उणिवेवर ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची संवादिनी बनवून वेगळा मार्ग काढला आहे. सामान्य पेटीवादक मात्र गांधारावर रेंगाळायचे कधी आणि सोडून द्यायचे कधी हे कानाने शिकतो. तेव्हा १४ भागांचे अंतर ज्याने सोसले, त्याने २० भागांसाठी कानस उचलण्याची घाई करू नये.

स्वस्त पेटी

राहिली तिसरी वाट. स्वस्त पेटीची हेटाळणी करण्याची पद्धत आहे, आणि ती अर्धीच योग्य आहे. पालिताण्याचे चांगले सूर, साधे कवच आणि घट्ट भाता असलेली पेटी शिकणाऱ्या मुलाला चार-पाच वर्षे आरामात पुरते. पैसे वाया जातात ते दिखाव्यावर. प्लायवूडवर चकचकीत पॉलिश, सात-आठ मुठी, त्यांतल्या निम्म्यांमागे काहीच नाही. कपलर आणि स्केल चेंजर यांचा मोह आवरावा. कपलरमुळे एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली जोडीदारही दबते, आवाज भरतो पण पट्टी जड होते. लहान बोटांना ते नको. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सबंध चौकट सुरांवरून सरकते. हे काम नीट बनविणे अवघड, स्वस्तात तर फारच अवघड. सरकत्या सांध्यातून हवा गळू लागते. ज्या भजनी मंडळात एक बुवा काळी एकचा आणि दुसरे काळी पाचचे, तेथे त्याचा उपयोग. एरवी मुलाने दुसऱ्या पट्टीतून वाजवायला शिकावे हेच बरे.

कोणतीही पेटी घेताना दुकानदाराने वाजवून दाखविलेल्या भैरवीवर जाऊ नये. आपण स्वतः भाता भरावा, मुठी बंद ठेवाव्यात आणि एकही पट्टी न दाबता पाहावे; भाता भराभर मिटू लागला तर हवा गळते आहे. मग एक-एक पट्टी अगदी थोड्या हवेवर दाबून पाहावी. जो सूर अडखळतो, फुरफुरतो, किंवा शेजाऱ्यानंतर बोलतो, तो लक्षात ठेवावा. मधला सा आणि तार सा एकदम दाबून कान द्यावा : आवाजात लाटा येत असतील तर पेटी सुरात नाही. नर आणि खर्ज या दोन ओळी एकत्र उघडूनही हेच करावे. विक्रेते या लाटांना 'गोडवा' म्हणतात. शेवटी झाकण उघडून दाखविण्यास सांगावे. जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नये.

आमच्याकडे निर्णय असा झाला. भाता नवा झाला, बनात बदलली, कमानी बदलल्या. सुरांपैकी पाच आपसात लावून घेतले आणि बाकीच्यांना हात लावला नाही. भाची फोनवरच्या तानपुऱ्याची पट्टी २० भागांनी खाली घेते आणि सरावाला बसते. क्लासमधली पेटी ४४० ची असल्याने तिला दोन्हींची सवय झाली आहे. रविवारी साथीला शेजारचा मुलगा येतो. तो बसण्याआधी काळी एक दाबून धरायला सांगतो, क्षणभर कान देतो आणि पिशवीतून हातोडी काढतो.